डब्यातले फोन

बाभुळगाव
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

अर्पू,

जय भीम, आणि आईचे पोटभर आशीर्वाद. रजतरावांनाही सांग.

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा पोस्टाशिवाय वाट उरली नाही. रागावून लिहीत नाही. उठता-बसता फोन करून ‘कुठे आहेस, काय करतेस’ विचारणाऱ्या आईला कुणीही कंटाळेल. ‘मी तुझ्या ब्रँचमधली क्लार्क नाही,’ म्हणालीस, ते बरोबरच होतं.

इकडे थंडी पडायला लागली. कापूस विकला जातोय, म्हणून पतसंस्थेत गर्दी. त्या गर्दीतच एका म्हाताऱ्याने यवतमाळला तक्रार केली, की मी पासबुक धरून उभा आणि बाई मोबाईलवर नाच पाहून राह्यली. ती बाई म्हणजे आमची उर्वशी. झालं! हेड ऑफिसच्या वामनराव साहेबांचा हुकूम आला, कामाच्या वेळात सगळ्यांचे फोन शाखाधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, जमा. मी घरचा चिवड्याचा स्टीलचा डबा नेऊन टेबलावर ठेवला. सकाळी सगळे त्यात फोन टाकतात, संध्याकाळी काढून घेतात. उर्वशी रोज असं तोंड करते, जसं लेकरूच पाळणाघरात सोडून चालली.

पण दिवसभर तो डबा खडखडत असतो. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाची मावशी. नावं दिसतात, विझतात. माझा फोन शेजारीच पडलेला. त्यावर कर्ज हवं का विचारणाऱ्या पोरींशिवाय कुणाचा फोन येत नाही. तुझे बाबा गेले तेव्हाही घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं, जितकं त्या डब्याजवळ बसून वाटतं.

आमचा रोखपाल अश्वजित. त्याची बायको दीपा बाळंतपणाला केळापूरला माहेरी गेली आहे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “मॅडम, दीपाचा फोन आला तं उचलजा. मिस कॉल झाला तं तुमीच लावजा, मी काउंटर सोडू शकत नाही.” आणि फोन उघडायची खूण त्याने माझ्यासमोर बोटाने ओढून दाखवली.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार?

अर्पू, दुपारी तुला जे मुके फोन यायचे, ते मीच करत होते. अश्वजितच्या फोनवरून. जेवायच्या सुट्टीत केबिनचं दार लावून. एकदाच आवाज ऐकायचा, असं ठरवलं होतं. तू ‘हॅलो, कोण?’ म्हणालीस, मागे कुकरची शिट्टी झाली. बोलले तर हाही नंबर ब्लॉक करशील, ही भीती. मग रोज लावायला लागले. नंतर नंतर तुझा आवाज घाबरलेला यायचा. तो कळूनही मी दुसऱ्या दिवशी लावला. प्रत्येक वेळी त्याच्या फोनमधून तुझा नंबर पुसून टाकला.

परवा तुमच्या पुण्याच्या पोलीस चौकीतून अश्वजितला फोन आला. रजतरावांनी तक्रार केली आहे, की हा माणूस माझ्या बायकोला फोन करून छळतो. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पोरगा पांढराफटक पडला. वामनराव साहेब आले, कामाच्या वेळात डब्यातून फोन चोरून काढतोस का, म्हणून सगळ्यांसमोर ओरडले.

तो माझ्याकडे वळला. “मॅडम, फोन तं तुमच्याजवळच होता ना? सांगा ना साहेबाले.”

मी म्हणाले, “पाहावं लागेल.”

अर्पू, मी एवढंच म्हणाले. मला माझीच किळस आली. उर्वशी आता त्याच्या टेबलाकडे जात नाही. केळापूरला सासऱ्याच्या कानावर गेलं आहे, आणि दीपाने त्याचा फोन उचलणं बंद केलं आहे. फोन न उचलला जाणं काय असतं, हे मला माहीत असून मी ते त्याच्या पदरात घातलं. त्याला काढून टाकायचं पत्र साहेबांनी तयार केलं आहे. सोमवारी त्यावर माझी सही हवी.

ती मी करणार नाही. सोमवारी यवतमाळला जाऊन साहेबांना सगळं सांगते, तिथूनच केळापूरला जाते आणि दीपासमोर उभी राहते. नोकरी राहील असं वाटत नाही. पण पुण्याची तक्रार मला इथून मागे घेता येत नाही. ती तुम्ही मागे घ्या. हे पत्र चौकीत दाखव. रजतरावांसमोर लाज वाटेल तुला, माहीत आहे. तरी दाखव.

माझा नंबर उघड, असं मी म्हणत नाही. त्यासाठी लिहिलंच नाही, असं म्हटलं तर मात्र खोटं होईल.

नुसतं ‘तुझी आई’ लिहिलेलं चौकीत चालायचं नाही, म्हणून पूर्ण नावाने सही करते.

पंचफुला उकंडा भगत
शाखाधिकारी, बाभुळगाव
फोन करणारी मीच. अर्पिताची आई.