एका छपराखाली दोन उबवण्या

४ नोव्हेंबर

न्हाई हो, रडत-बिडत न्हाई आले. कोणी सांगितलं तुम्हाला? चाकूरच्या स्टँडवर डोळ्यात धूळ गेली, तेवढंच. हार घातलेल्या फोटोच्या काचेतून तुम्हाला सगळंच ओलं दिसतंय.

आता नीट ऐका. तुमच्या पुतण्यानं, राजशेखरनं, अर्धापूरला केळीच्या वखारीत काम लावून दिलं. घडाच्या फण्या कापायच्या, हौदात धुवायच्या, क्रेटात भरायच्या. चीक लागून बोटं काळी पडली, पण दुपारनंतर मी मोकळी. खोली पाशामियाँच्या घरात भेटली. पाशाभाई बाजारात कुलपं दुरुस्त करतात अन् घरी तोंडाला कुलूप लावून बसतात. बोलायचं सगळं काम अख्तरीभाभीकडं. ल्योक अजहर हैदराबादला कामाला. सून जेबा हितंच, तिला सहावा लागलाय. मला खाला म्हणती. मी पहिल्याच दिवशी इचारलं, पोटात लेकरू हाय का केळीचा घड? एवढी हासली की भाभी चुलीवरचं सोडून पळत आल्या.

अंगणभर भाभीच्या गावरान कोंबड्या. आपल्यात अंड्याला शिवत न्हाईत हे भाभीला ठाव हाय, म्हून माझ्या दारापुढून हाकलतात. कोंबड्यांना कुठं जात कळती. येऊन माझ्या चपलेवर बसतात.

लई बरं वाटून राहिलं. तुमच्यावाचून बी वाटतंय, रागावू नका.

९ नोव्हेंबर

तांबडी कोंबडी खुडूक झाली. बसल्या जागची उठंना, हात लावला की टोचायची. भाभीनं तिला बादलीत बुचकळून काढलं. पुन्हा बसली, पुन्हा बुचकळली. नाकात पीस ओवलं, तरी बसली. मी म्हणलं, भाभी, बसू द्या की बिचारीला, चार पिल्लं होतील.

भाभीचं तोंड उतरलं. घरात पोटुशी बाई असताना अंडी उबवायला ठेवत न्हाईत म्हणल्या. एका छपराखाली दोन उबवण्या नकोत, एक दुसरीचं ओढून घेती. त्यांच्या सासूनं सांगितलेलं, तिला तिच्या सासूनं. शेवटी ती कोंबडी मागच्या गल्लीत किशनरावाच्या घरी देऊन आल्या, तव्हा त्यांना घास गोड लागला.

माझा सोभाव तुम्हाला म्हाईत हाय. नको म्हणलं की हात शिवशिवतात.

१२ नोव्हेंबर

कोंबडी बसवायची न्हाई म्हणल्या. डब्याचं कुठं काय बोलल्या?

वखारीतून थर्माकोलचा रिकामा डबा आणला. आत बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली, तापाचं थर्मामीटर कडंला खोसलं. सगळं मोबाईलवर बगून केलं. डबा खाटंखाली, वर गोधडी. एक दिवस पिल्लं अंगणात सोडीन अन् भाभीचं तोंड बगीन, एवढीच मजा होती मनात.

अंडी भाभीकडूनच मागितली. त्यांनी बगितलं माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं, मग माझ्याकडं. मी पदर तोंडाला लावला अन् म्हणलं, भाभी, कोणाला सांगू नका, चोरून खाते. भाभी दारातच बसल्या हासून हासून. कोणाला सांगणार न्हाई म्हणल्या. दिवस मावळायच्या आत जेबाला कळलं, जेबाकडून पाशाभाईला. पाशाभाई कुलपाशिवाय कशाकडं बगत न्हाईत, ते बी मला बगून मिशीत हासले. भाभीनं मसाल्याची पुडी बी दिली वर, कच्च्या तेलात तळू नका म्हणून बजावलं.

अंड्याला एका अंगानं काजळाचं बोट लावलं. कोणतं फिरवलं, कोणतं राह्यलं ते कळावं म्हून. तीट लावल्यावानी दिसतंय.

१९ नोव्हेंबर

आज दार लावून मोबाईलच्या उजेडावर अंडी धरून बगितली. तुम्ही असता तर तुम्हाला बी वढून दाखवलं असतं. आत तांबड्या शिरांची जाळी, अन् मध्ये एक ठिपका. नुसता ठिपका न्हाई, उडणारा. काही अंडी मोकळी निघाली, ती बाजूला काढली.

एक जरा येगळं हाय. त्याचा ठिपका मोठा अन् संथ. मी त्याला म्हणलं, काय रे चोरा, काय करून राहिला आत? तर ठिपका थांबला. कान दिल्यावानी थांबला. मग पुन्हा सुरू.

मला हासू आलं. जरासं.

सांजच्याला जेबा ओट्यावर आली. आज लेकरानं लाथ मारली न्हाई म्हणली. भाभी म्हणल्या, झोपलं असंल, आळशी बापाचं हाय. मी बी हासले.

२३ नोव्हेंबर

सकाळपासून लाईट न्हाई. वखारीतून आले तर डबा गार. अंडी गार. उजेडावर धरली, एकेक काळं पडलेलं, शिरा विरलेल्या.

ते एक सोडून.

ते ऊन होतं. तव्यावरून काढलेल्या भाकरीवानी. बल्ब बंद, हवा गार, अन् हे ऊन.

उजेडावर धरलं. चोच दिसंना. वाकडं होऊन निजलेलं काहीतरी. पुढं एक गाठ. मला वाटलं पंख असंल.

गाठ उघडली. बोटं होती. पंखाला बोटं नसतात हो.

जेबाला आज नांदेडला डॉक्टरकडं नेलं होतं. सोनोग्राफी केली. ठोके हायेत पण हलके, वाढ थांबलीय म्हणले. भाभीनं आल्यावर पाणी बी पिलं न्हाई. त्या मला सांगत होत्या अन् मी मान हालवत होते.

२५ नोव्हेंबर

भाभी गल्लीत घरोघर फिरल्या. कोणी अंडी उबवायला ठेवलीत का, जवळपास, चुकून? किशनरावाच्या घरची तांबडी उठवली, तिच्याखालची अंडी आणून जेबाच्या उंबऱ्यावर फोडली. नुसती कोंबडीची पिल्लं निघाली, पीस बी न फुटलेली. भाभी ती गोळा करून रडल्या.

इलाज सांगत होत्या सगळ्यांना. ज्यानं ओढलंय ते अंडं पोटुशीच्या उंबऱ्यावर फोडायचं. तिनं ओलांडायचं. गेलेलं माघारी येतं. पण आतल्यानं कवच फोडायच्या आधी. एकदा तडा गेला की ते त्याचं झालं, मग न्हाई.

शेवटी माझ्या दारात आल्या. उंबऱ्याला टेकल्या. थकून हासल्या अन् म्हणल्या, “तुमकू क्या पुछना कमलम्मा, तुम तो खा लेते.”

मी हासले. हाव म्हणलं.

खाटंखाली काहीतरी सरकलं.

२६ नोव्हेंबर

आता डब्यात ठेवत न्हाई. लुगड्याच्या ओच्यात बांधते, पोटाशी. वखारीत बी. बाया इचारतात काय बांधलं. मी म्हणते, तुमच्या सासूचं डोकं. हासतात.

जड झालंय. अंडं जड होत न्हाई, उलट हलकं होत जातं. हे जड होऊन राहिलं.

जेबानं माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. खाला, तुम्हाला काही लागतंय का? पोट उतरलंय. कातडी गार. काहीच लागलं न्हाई.

माझ्या ओच्यात लाथ बसली.

जेबा माझ्या पोटाकडं बगत राहिली. तिला बी लागली असंल, एवढ्या जवळ होतो. हात सोडला.

२८ नोव्हेंबर

आज ठरवलं होतं, फोडायचं. भर दुपारी. भाभी निजलेल्या. जेबाच्या दाराशी गेले. पडदा पुढं. आत तिचा श्वास ऐकू येत होता, दम लागल्यावानी.

अंडं हातात. हात वर केला —

आतून आवाज आला.

पिल्लाचा न्हाई.

ह्या घरातलं लेकरू अम्मी म्हणलं असतं. त्यानं अव्वा म्हणलं. आपल्या बोलीत. मला. आजवर कोणी म्हणलं न्हवतं.

हात खाली आला.

भ्याले हो. लई भ्याले. म्हून फोडलं न्हाई. एवढंच लिहून ठेवते, भ्याले म्हून.

२९ नोव्हेंबर

भाभीनं डबा बगितला. मी वखारीत असताना झाडायला आत आल्या असतील. गार अंडी तशीच होती त्यात, बाजूला काढलेली बी, काजळ लावलेली. त्यांनी दिलेली मोजली असतील, एक कमी.

ओरडल्या न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या उंबऱ्यावर बसल्या अन् पदर पसरला. पाशाभाई मागं उभे, खाली बगून.

“बाकी का एक कहाँ है? दे दो कमलम्मा.”

मी म्हणलं, खाल्लं.

पोटाशी ते हालत होतं. पदराखालून दिसलं असंल. भाभीचा पदर तसाच पसरलेला —

दार लावून घेतलं.

३० नोव्हेंबर, नांदेड, स्टँड

पहाटंच निघाले. लातूरची गाडी लागायचीय. मोबाईल सारखा वाजतोय. पाशाभाई. न्हाई उचलत. एकदा उचलला. जेबाला गाडीत घातलंय, हितंच आणून राहिले. भाभीचं रडणं मागं. पाशाभाई आयुष्यात एवढं बोलले नसतील. म्हणले, कुठं असाल तिथं थांबा, आम्ही उंबरा तिथं करू, रस्त्यावर करू, फकत थांबा.

बंद केला.

गाडी लागली. बसले. शेजारची बाई इचारती, ताई, लेकरू किती म्हैन्याचं? म्हणजे दिसून राहिलं —

टकटक. आतून. बारीक.

अजून तडा न्हाई. अजून येळ हाय. उतरले तर —

न्हाई उतरत.

ऐका. भ्याले म्हून लिहिलं ते खोटं. तुमच्याशी बी खोटं बोलले. ठिपका थांबला, जेबा म्हणली लाथ न्हाई, त्याच सांजच्याला कळलं होतं मला, कोणाचं हाय ते. तव्हाच फोडता आलं असतं. रोज आलं असतं. रोज काजळ लावलं, रोज बोलले त्याच्याशी, तुमचं नाव सांगितलं त्याला.

तडा गेला. बोट बाहेर —

जेबाचं हाय. ठाव हाय मला. मला ते द्यायचं न्हाई —