आप्पांनी ओळखलेले चेहरे

प्रिय बंड्या,

पत्र बघून घाबरू नकोस. आप्पा ठीक आहेत, दोन वेळा जेवतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवतात. फोनवर हे सांगायला गेले की माझा आवाज दगा देतो आणि तू मलाच समजावत बसतोस, म्हणून लिहितेय.

त्यांचं विसरणं वाढलंय. चष्मा फ्रीजमध्ये सापडणं आता जुनं झालं. परवा शेजारच्या काकांना त्यांनी 'आपण कोण?' विचारलं, काका कसनुसे हसले. तेव्हापासून मला धडकीच भरलीय. सकाळी चहा देताना मी मुद्दाम हाक मारते आणि ते 'काय गं ठमे' म्हणेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो.

अशात आमच्या चित्रसंग्रहाच्या मॅडमनी फर्मान काढलं. आप्पांनी विद्यापीठात शिकवताना केलेली व्यक्तिचित्रं आठवतात ना? मूळ चित्रं कुठे कुठे गेली, त्यांच्या फोटोंच्या स्लाइड मात्र आमच्या संग्रहाच्या कपाटात आहेत. रंग उडून सगळे चेहरे लालसर झालेत आणि कोण कुठला हे सांगणारं आप्पांशिवाय कुणी उरलं नाही. मॅडम म्हणाल्या, घेऊन या त्यांना. मी खूप आढेवेढे घेतले. चारचौघांत त्यांची शोभा झाली तर, ही भीती होती.

पण काय सांगू! पडद्यावर चेहरा आला की आप्पा घडाघडा बोलायला लागले. हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, बसल्या जागी पेंगायचा. ही कॅन्टीनवाली, भाजलेले हात दिसू नयेत म्हणून पदराखाली घेऊन बसली. हे कुलसचिव, यांनी चित्रात टकलावर केस काढून मागितले. मॅडम हसून बेजार. मला वाटलं, विसरणं वाढतच जाणार म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय.

मग पडद्यावर तू आलास. दहा वर्षांचा, गाल फुगवून बसलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी विचारलं, हा कोण? ते नुसतेच बघत राहिले. तेवढ्यात लक्षात आलं, तुझी खोक डाव्या भुवईवर आहे आणि पडद्यावर ती उजव्या भुवईवर दिसतेय. स्लाइड पालथी बसली होती, आमच्याकडे हे नेहमीचंच. हुश्श झालं! जन्मभर चेहरे बघितलेल्या माणसाला असा फिरवलेला चेहरा कसा ओळखू येणार? मॅडमना मी तसं ठणकावून सांगितलंही. स्लाइड काढली, पालटली, पुन्हा बसवली.

आप्पा खुर्चीतून उठून पडद्यापर्यंत गेले. बराच वेळ तुझ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पोरगं कुणाचं ते माहीत नाही, पण ज्यानं हे चित्र काढलंय त्याचा या पोरावर फार जीव आहे.

बंड्या, तू पुढच्या वर्षी येईन म्हणतोस. तसं नको, आत्ता ये. ते तुला ओळखतील असं मी सांगू शकत नाही, आणि खोटं बोलून तुला बोलवायचंही नाही. दारात उभा राहून ओळखीची वाट बघू नकोस. सरळ आत ये, त्यांच्या समोर बस आणि सांग, माझं चित्र काढून द्या. हात अजून स्थिर आहे त्यांचा.

तुझीच,
ताई