पर्समधली बाटली

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (खरं सांग. भाऊजींना विचारलं की ते "मजेत" म्हणतात, पण गुडघे त्यांचे नाहीत.) आपल्या दोघींच्या समुद्रावरच्या सहलीला मी नाही म्हटल्यापासून तुझा फोन नाही, म्हणजे तू रुसली आहेस. म्हणून कारण सविस्तर लिहिते.

चिमूटभर गहूसुद्धा मला आडवं पाडतो हे तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी तो बंद केल्यापासून मी बाहेर घास घेतला नव्हता. मागच्या आठवड्यात ह्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा मेळावा परगावी होता, म्हणून गेले. हॉटेलात सकाळी पाव, पावाचे भाऊबंद आणि केळी. मी केळ्यांवर राहिले. संध्याकाळी समोरच्या गल्लीत जपानी रेस्टॉरंट दिसलं. भात आणि मासे! आनंदाने लेकाला फोन केला, तर तो ओरडलाच, "आई, सोया सॉसमध्ये गहू असतो!" ताई, मी मटकन पलंगावर बसले. त्या काळ्या पाण्यात गहू! आपल्या बोर्डिंगातल्या मदर सुपीरियर चॅपलमागे विड्या ओढतात असं कुणी सांगितलं असतं, तरी मला इतका धक्का बसला नसता. बिनगव्हाचा सॉस कुठे मिळेल तेही मग लेकानेच सांगितलं, आणि ती बाटली पर्समध्ये, रुमालात गुंडाळून, मी आत शिरले.

बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी दारातच. हे म्हणाले, "मी मेनू उभा धरतो, तू ओत." (जन्मभर सरळमार्गी वागलेला माणूस, पण चोरीत लगेच तरबेज!) मी टेबलाखाली वाटीत ओततेय तोच पाठीमागून आवाज आला, "काय चाललंय, काकू?" हसू नकोस, पण मी ताडकन उभी राहिले आणि दोन्ही तळहात पुढे केले. पट्टी खायला! या वयात!

जेवण वाढणारी मुलगी होती, चष्मेवाली, तुझ्या लेकीएवढी. तिने बाटली उचलली, लेबल वाचलं आणि आत निघून गेली. आता मालक येणार, या धसक्याने आम्ही गार. ती परतली ती तश्शीच दुसरी बाटली घेऊन, अर्धी संपलेली. म्हणाली, "ही माझी. मलाही गहू चालत नाही."

"अगं, मग इथे नोकरी?"

"लोकांना नूडल्स वाढते आणि घरी जाऊन भात खाते. आणि काकू, तो खेकडा सोडा हां. खेकडा नाहीच तो, माशाचा लगदा असतो, त्यात गव्हाचं पीठ घालतात."

(आता खेकड्यावरही विश्वास ठेवायचा नाही!) मग तिने आचाऱ्याला बजावून, सुरी धुऊन कापलेला मासा आणि साधा भात आणला. चार माणसांत बसून, न घाबरता, मी पोटभर जेवले. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाटलं, ती हिरवी झणझणीत चटणी लागली. वाटू दे.

पण अशी मुलगी गावोगावी थोडीच भेटते? तेव्हा मी येणार नाही. आग्रह करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. सहलीच्या खोलीतली माझी खाट अजून कुणाला दिली नाहीस ना? तुझ्या नणंदेला तर मुळीच देऊ नकोस, ती घोरते.

आणखी ता. क. तिथेही जपानी रेस्टॉरंट आहे. मी सहज फोन करून विचारलं.

शेवटचा ता. क. बोर्डिंगात सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की माझ्या ताटातल्या पावाच्या कडा तू गुपचूप खाऊन टाकायचीस. चुकून काही गव्हाचं माझ्यापुढे आलंच, तर अजून खाशील का गं? हो म्हण. बॅग भरलेली आहे.