न बोललेला बॉल

बाबा,

काल दुपारी डोळा लागता लागता पुसदचा तो क्लब दिसला. हिरव्या कापडाचं टेबल, वर संथ फिरणारा पंखा, आणि काठीच्या टोकाला खडू लावत उभे तुम्ही. ओपीडी आटोपली की तुम्ही तिथे एकटेच पूल खेळायचे आणि मी शाळेतून थेट येऊन खुर्चीवर बसायचे. प्रत्येक फटक्याआधी तुम्ही बॉलचा नंबर आणि पॉकेट मोठ्यानं बोलता. बोललात तसंच पडलं तर गुण. दुसराच बॉल पडला तर तो परत टेबलावर. पूर्वी म्हणे पंधराही बॉल संपले की सगळे गोळा करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. मग शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे अमेरिकेत शेवटचा एक बॉल तसाच राहू द्यायचं ठरलं. बाकीचे चौदा मांडायचे, आणि त्या एकट्याला पाडता पाडताच नवी रास फोडायची. "पण काहून?" मी विचारते. "खेळ तुटू नये म्हणून," तुम्ही सांगता.

कापसानं दगा दिलेली ती वर्षं. दवाखान्यात विष प्यालेले शेतकरी यायचे, आणि घरी तुम्ही ताटावरून अर्धवट उठायचे. अशातच तांड्यावरची एक बाई आणली, कापूस वेचताना साप चावलेली. लस अपुरी. तुम्ही आशा सोडलीत, पण तिच्या उशाशी बसून राहिलात. ती वाचली.

तिचा नवरा कापसाचं गाठोडं घेऊन आपल्या दारात आला. "साहेब, माही बायको तुमीच वाचवली."

"मी नाही रे भाऊ. मी तर तुला मन घट्ट कर म्हणालो होतो. हा न बोललेला बॉल पडला. माझा नाही."

त्यानं गाठोडं तसंच पुढे धरून ठेवलं. आई हात पुसत बाहेर आली. "त्याले काय समजते तुमचा बॉल? तिच्याजवळून उठले तरी होते का तुम्ही? घ्या ते गाठोडं, त्याचा हात दुखून राह्यला."

तुम्ही ते दोन्ही हातांनी घेतलंत आणि उंबऱ्यावर बसून रडलात. तो माणूस तुमच्या पाठीवरून हात फिरवत "हौ साहेब, हौ" म्हणत राहिला.

तुम्ही गेलात तेव्हा ती बाई आली होती, कडेवर मूल घेऊन. आईचा हात धरून बसली. मला तिच्याकडे बघवेना. ही जगली आणि माझे बाबा गेले, एवढंच मनात येत होतं. आईला हे कधी सांगितलं नाही. हा कागदही तिच्या हाती लागेल अशा जागी ठेवणार नाही.