कडबोळ्याचं दुखणं

५ जुलै, शनिवार, क्वीन्सटाउन

आले एकदाची. दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि आईने कोंबलेला फराळ एवढा संसार घेऊन आज सकाळी उतरले. आता नवव्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत बसून हे लिहितेय. खोलीत पलंग, कपाट आणि मी एकटी कशीबशी वळू शकेन एवढी जागा आहे. पण खिडकीतून झाडं दिसतात आणि बसने वीस मिनिटांत युनिव्हर्सिटी गाठता येते. दोन वर्षांच्या पोस्टडॉकला आणखी काय लागतं?

घरमालकीण मेधाताई एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर माझी वाट बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, हातात माझ्यासाठी जादा छत्री. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, शाकाहारी घर आहे, घरगुती मुलगी हवी, प्राण्यांची भीती नसावी. मला वाटलं, मांजर असेल. घरी पोचलो तर कुकरमध्ये वरणभात तयार. परक्या देशात पहिल्याच दिवशी पानात लिंबाची फोड वाढणारं आपलं माणूस भेटावं, हे माझं नशीबच. आईला तसं कळवलंसुद्धा.

आतल्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ पद्माकर असतो. दोन वर्षांपूर्वी कामावर आग लागून त्याची पाठ भाजली, घशात धूर गेला. तेव्हापासून तो अंथरुणावर आहे आणि आवाजही गेलाय. त्याला कोणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून त्याचं दार बंद असतं.

६ जुलै, रविवार

मांजर नव्हे, साप.

सकाळी बर्फ घ्यायला फ्रीझर उघडला, तर खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी पारदर्शक पिशवीत पांढरे गोठलेले उंदीर. ज्या घरात अंड्याला मज्जाव, त्या घरात! मेधाताई पोट धरून हसल्या आणि मला स्टोअररूममध्ये घेऊन गेल्या. काचेच्या पेटीत बॉल पायथन जातीचा, दोनेक हात लांबीचा साप वेटोळं करून बसला होता. कोणीतरी हौसेने चोरून पाळला आणि कंटाळा आल्यावर बुटांच्या खोक्यात घालून खाली व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, टाकून दिला. इथे साप पाळायला बंदी आहे, त्यामुळे मेधाताईंनी गुपचूप वर आणला. पेटीतल्या तापत्या दिव्याने त्याच्या पाठीवर डावीकडे वीतभर भाजलंय. लाल, ओलसर, कडेला खवले उचकटलेले. बघून माझ्याच अंगावर काटा आला.

मेधाताईंचे हात थरथरतात. तुझे हात लॅबमधले, स्थिर, तू करशील का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. शाळेत असताना मी जखमी खारी घरी आणायचे, हे त्यांना सांगून बसले. माझं नाव अश्लेषा म्हणजे सर्पांचं नक्षत्र, हा योगच म्हणायचा, असं त्या दोनदा म्हणाल्या.

१२ जुलै, शनिवार

आठवडाभरात पाहुण्याची आणि माझी गट्टी जमली. कसा गोल गोल वळून बसतो, म्हणून त्याचं नाव कडबोळं ठेवलंय. सकाळी पेटीतले कागद बदलायचे, पातळ आयोडीनने जखम धुवायची, वरून भाजल्यावरचं मलम, आणि पट्टी. पट्ट्या मेधाताई रोज आतल्या खोलीतून आणून देतात, नीट कापलेल्या, डेटॉलचा वास असलेल्या. भावासाठी आणतात त्यातल्याच असाव्यात. आता तो माझ्या मनगटाला विळखा घालून शांत पडतो आणि मी त्याला लॅबमधल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगते. एवढं ऐकून घेणारा श्रोता मला पुण्यातही मिळाला नव्हता.

मेधाताईंनी त्याच्यासोबत माझे फोटो काढले. आठवण म्हणून.

१९ जुलै, शनिवार

कडबोळं खात नाही. उंदीर कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने नाचवून पाहिला. त्याने तोंड फिरवलं. जखम एक दिवस सुकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. हे माझ्या आवाक्यातलं नाही, प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करू या, असं मी म्हटलं. मेधाताईंचा चेहरा पडला. जखमी परदेशी साप ते ठेवत नाहीत, सुई टोचून मोकळे होतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले आणि मी फोन खाली ठेवला. मला कोणी रडलेलं पाहवत नाही, ही माझी जुनी खोड.

२८ जुलै, सोमवार

उद्या नागपंचमी. आज भावाचा उपवास. मी एकुलती एक, त्यामुळे हा उपवास कधी केलाच नव्हता. मेधाताईंचं माहेर शिराळ्याकडचं, त्यांच्याकडे याचं फार. ज्या मुलीला भाऊ नाही तिने नागोबाला भाऊ मानायचं, असं त्यांनी सांगितलं. आपल्या घरात तर खराखुराच आहे म्हणून मला हसूही आलं. संध्याकाळी दोघींनी हातांवर मेंदी काढली.

मग पट्टी सोडली. जखम पार खोल गेली होती. कडबोळं माझ्या मांडीवर सैल पडलं होतं, जीभसुद्धा बाहेर काढत नव्हतं. तीन आठवडे हाताने केलेलं सगळं वाया. मला रडू आवरेना. मी तापाने फणफणले की आई करते तसं मी त्याच्या अंगावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हटलं, बाळा, तुझं दुखणं मला येवो.

आपण काय, कोणालाही म्हणतो. मेधाताई दारात उभ्या होत्या. मनापासून म्हणालीस ना, असं त्यांनी विचारलं. मी डोळे पुसत हो म्हटलं, आई माझ्यासाठी असंच करते हेही सांगितलं.

२९ जुलै, मंगळवार

चमत्कार. जखमेवर कोरडी, घट्ट खपली. कडबोळ्याने उंदीर एका दमात गिळला. घरात आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मेधाताईंनी पुरणाचे दिंड उकडले. मी चार खाल्ले. मेधाताई दिवसभर गुणगुणत होत्या.

कालपासून माझ्या पाठीला खाज सुटलीय, डाव्या बाजूला. इथल्या घामाने असेल.

३१ जुलै, गुरुवार

कडबोळ्याने कात टाकली. आतून नवाकोरा साप निघाला, पाठीवर डागसुद्धा नाही.

माझ्या पाठीवर मात्र वीतभर लाल पट्टा, पाणी भरलेला. डॉक्टरने विचारलं, केव्हा भाजलं. भाजलं नाही म्हटलं तर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्याने जे मलम दिलं, ते मी महिनाभर सापाला लावतेय. पाच दिवस रजा घ्यायला सांगितलीय. लॅपटॉप लॅबमध्येच राहिला.

२ ऑगस्ट, शनिवार

पालथं झोपावं लागतं. आवाज बसलाय. मेधाताई पेज करून आणतात, पट्टी बदलतात. आता त्यांचे हात अजिबात थरथरत नाहीत.

दुपारी बाथरूममध्ये कोणीतरी गात होतं. पुरुषाचा आवाज, खणखणीत. या घरात गाणारं कोण आहे?

४ ऑगस्ट, सोमवार

सगळं नीट लिहून ठेवायला हवं, अजून बोटं चालतात तोवर.

सकाळी भिंत धरून पाणी घ्यायला गेले. स्वयंपाकघरात पद्माकर उघड्या अंगाने चहा गाळत होता. पाठ लख्ख. डावीकडे फक्त फिकट खूण, तिचा आकार मला पाठ आहे. महिनाभर रोज सकाळी मी तीच जखम धुतली होती. त्याने मागे वळून मला पाहिलं, खाली मान घातली आणि कप तिथेच ठेवून आत निघून गेला.

मी फ्रीझर उघडला. बर्फ घ्यायला. पिशवीत कडबोळं होतं. वेटोळं करून, डोळ्यांवर बर्फाचा थर. काम झाल्यावर तो जिवंत कशाला ठेवायचा, पकडले गेलो असतो, असं मेधाताई मागून म्हणाल्या, शिळ्या भाताबद्दल बोलावं तशा.

मग त्यांनी टेबलाशी बसून सांगितलं. सापाला कोणी टाकून दिलं नव्हतं, त्यांनीच तो मिळवला होता. गेल्या वर्षीच्या नागपंचमीला त्याला पद्माकरच्या जागी बसवलं. पद्माकरच्याच वापरलेल्या पट्ट्या रोज धुऊन सापाला बांधायच्या, म्हणजे पद्माकरचं दुखणं ते सापाचं. पुढे कोणीतरी आपण होऊन मागून घ्यायला हवं होतं. जबरदस्तीने होत नाही, स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. मी विचारलं, तुम्ही का नाही म्हटलं, तुमचा भाऊ. त्या म्हणाल्या, मला भीती वाटली. आणि मग मला हे वाक्य ऐकवलं:

"परक्या पुरुषाचं दुखणं कोण मागून घेतंय गं? मुक्या जनावराचं घेतात. तू घेतलंस."

छत्री घेऊन उभी होती ही बाई. लिंबाची फोड वाढली होती. मी तिला ताई म्हटलं.

५ ऑगस्ट

निघायचं ठरवलं. बॅग उचलली तर कमरेखाली पाय लटपटले. पोलिसांना सांगेन, असं घोगऱ्या आवाजात म्हटलं. मेधाताईंनी फोन पुढे केला. साप हातात घेऊन हसणारी मी. पेटी पुसणारी मी. उंदीर धरलेली मी. एकाही फोटोत त्या नाहीत. साप कोणाचा ठरेल, तुझा इथे काम करायचा पास राहील का, एवढंच विचारलं. आवाज तोच, मायेचा.

६ ऑगस्ट

आवाज गेला. पूर्ण.

माझा फोन त्यांच्याकडे. विश्रांती हवी म्हणे. आईला माझ्या नावाने निरोप जातात — बरी आहे, कामात आहे — मला वाचून दाखवतात. माझ्यासारखंच लिहितात. चहाडीसुद्धा माझ्यासारखी करतात.

पद्माकर दाराबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही. माफ कर, असं म्हणाला. त्या आवाजात म्हणाला — म्हणायला आवाज आहे त्याला.

७ ऑगस्ट

पट्टीला खवल्यांसारखं काही चिकटून आलं. माझं कातडं. मोजलं नाही.

सारखं आठवतं, मी किती मनापासून म्हटलं होतं. त्याचाच राग येतो. त्यांच्यापेक्षा जास्त.

८ ऑगस्ट

मेधाताई मऊ बोलल्या. मी काही राक्षसीण नाही, तुलाही सोडवते, असं म्हणाल्या. आईला फोन केलाय. अश्लेषा आजारी आहे, या. व्हिसा झाला. उद्या येतेय, एकटी, पहिल्यांदा विमानात.

मला आधी आनंद झाला. आई —

मग कळलं.

आई मला अशी बघेल. पहिलं काय करेल. लहानपणापासून काय करते. तुला काही करायचं नाही, नुसती गप्प पडून राहा, असं मेधाताई म्हणाल्या. गप्पच तर आहे मी.

आणि क्षणभर वाटलं — आई म्हणाली तर पाठीची आग थांबेल. खरंच वाटलं. क्षणभर मी मेधाताई झाले. शिसारी आली स्वतःची.

नाही. आईला नाही.

९ ऑगस्ट

नारळीभाताचा वास. वर विमानं घरघरतायत, इथल्या राष्ट्रदिनाची. हॉलमध्ये ती बाई भावाला राखी बांधतेय. तो हसतोय.

वही उशीखाली आहे, तिला माहीत नाही. पेन डाव्या हातात — उजवा उठत नाही —

बेल.

आईचा आवाज. चपला कुठे काढू विचारतेय. या, पोर तुमचीच वाट बघतेय, असं ती बाई म्हणतेय —

मोठ्या अक्षरांत लिहिते. समोर धरेन. वाचेल —

आई जवळ येऊ नको. बोटं मोडू नको.

काहीही म्हण, पण तोंडातून काढू नको की तुझं दुखणं म