सविताची चौकशी

१७ नोव्हेंबर, सोमवार

सविताचा फोन. भाऊबीजेनंतर पहिलाच. मला वाटलं, हक्कसोडीचं काही बोलेल. छे! बाईसाहेबांना विमानतळावर रांगेत उभं राहायचं नाहीये. तिकडे अमेरिकेत म्हणे एक योजना आहे — आपण अर्ज करायचा, चौकशीत माणूस सरळ निघाला की 'विश्वासू प्रवासी' म्हणून नोंद होते. मग तपासणीला वेगळी रांग, बॅगा उपसायच्या नाहीत, झटक्यात आत. त्यासाठी इकडचे पोलीस घरी येऊन विचारणार. पासपोर्टवर अजून गावचाच, वडिवळ्याचा पत्ता आहे, म्हणून तोच दिलाय. कोणी आलं तर जे आहे ते सांग फक्त, म्हणाली.

सांग फक्त! आणि मी दिवाळीपासून सांगतोय त्याचं काय? आबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर आईचं, माझं आणि हिचं नाव लागलं. धरणाकडच्या तुकड्यावर तंबू लावून शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं मी सांभाळतो. तिथं पक्क्या खोल्या बांधायच्या तर हिची सही हवी. हक्कसोड करून दे म्हटलं, तर 'विचार करून सांगते'. यात विचार कसला? गावातल्या सगळ्या बहिणींनी दिली, एकीनं हूं का चूं केलं नाही.

फोनवर 'बरं' म्हणालो. मनात काय आलं ते इथंही लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर

निलेशला सांगितलं. तो वडगावात वकिलाकडे कामाला आहे, त्यामुळे कायदा कोळून प्यायल्यासारखा बोलतो. म्हणाला, पोलिसांच्या कागदावर 'राहणार वडिवळे' असं तुझ्या तोंडून गेलं की संपलं. उद्या वाटपाचा दावा लावला तर तोच कागद ती पुढे करेल. घरातसुद्धा हिस्सा मागेल.

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आता दुसरं काही डोक्यात नाही.

२४ नोव्हेंबर

पोलीस येऊन गेला.

बाजीरावभाऊंच्या दुकानात अंडी आणि कोळसा घ्यायला गेलो होतो. भाऊ माझे चुलतभाऊ, माझ्याहून बरेच मोठे. बाकावर नेहमीची चार माणसं. तेवढ्यात मोटरसायकलवरून हवालदार आला आणि सविताचा पत्ता विचारायला लागला. भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. साधा माणूस होता, अदबीनं बोलत होता. या तुमच्या कोण? बहीण. कायमचा पत्ता हाच का? वागणूक कशी आहे?

बाकावरची चारही माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांनाच तर मी महिनाभर सांगत होतो, की सविताचं आता इथं काही लागत नाही. त्यांच्यापुढे उलटं कसं बोलणार!

"ती हितली न्हाई आता," मी म्हणालो. "ह्या घराशी तिचा काय संबंध न्हाई. तिकडं ती काय करती, कशी वागती, मला म्हाईत न्हाई."

हवालदारानं मान वर करून पाहिलं. असंच लिहू का, असं विचारलं. लिहा म्हणालो. भाऊ मधे पडले — साहेब, लय गुणाची पोरगी आहे, म्हणायला लागले. मी त्यांना तिथल्या तिथं तोडलं. आमच्या घरातल्या भांडणात पडू नका म्हणालो. वयानं एवढा मोठा माणूस, अंडी मोजून पिशवीत भरायला लागला.

सही करताना ताठ होतो. दुकानातून घर दिसतं. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. हवालदाराला घरी नेलं असतं तर तिनं सविताबद्दल एवढं सांगितलं असतं की त्याचा कागद पुरला नसता. म्हणूनच नेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण खरं तेच आहे.

२५ नोव्हेंबर

आईनं विचारलं, "सवीसाठी पोलीस आलता म्हनं. च्या तरी पाजलास का त्याला?" पाजला म्हणालो.

११ डिसेंबर

अर्ज फेटाळला. इकडची चौकशी ठीक आली नाही, एवढंच तिला कळलंय. फोनवर रडली नाही, चिडलीही नाही. दमलेली वाटली.

आज पहिल्यांदा तिनं सांगितलं की हे तिला हवं कशाला होतं. नोकरीच्या कामासाठी दर सोमवारी तिला विमानानं दुसऱ्या गावी जावं लागतं. रांगेचा भरवसा नाही म्हणून अंधारातच निघते. पोरगी झोपलेली असते. उठल्यावर आई दिसत नाही म्हणून दर सोमवारी घर डोक्यावर घेते, दूध पीत नाही. वेगळी रांग मिळाली असती तर पोरगी उठेपर्यंत थांबता आलं असतं. तिला दूध पाजून निघता आलं असतं. बस्स, एवढंच.

आणि मी समजत होतो, बाईसाहेबांना रांगेत उभं राहायचं नाहीये.

मग तिनं विचारलं, "दादा, गावात कोणीतरी माझ्याबद्दल वाकडं बोललं असणार. कोण असेल?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं सुद्धा. बाहेर पडलं ते असं — "हवालदार बाजीरावभाऊंच्या दुकानात थांबला होता म्हणे."

खोटं एक अक्षर नाही त्यात! भाऊंचं नाव घेतलं, पुढचं तिचं तिनं समजून घेतलं. वर मी 'जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस' असंही म्हणालो. माझी मलाच शिसारी आली. जेवलो नाही. आईला पोटाचं कारण सांगितलं.

१२ डिसेंबर

सकाळी उठून ठाण्यात गेलो. तो हवालदार भेटला. चुकून बोललो साहेब, रागात होतो, बदलून घ्या म्हणालो. त्यानं बसवलं, पाणी दिलं. अहवाल कधीच वर गेला होता, त्याच्या हातात काही नव्हतं. बहिणीला पुन्हा अर्ज करू दे, तेव्हा नीट सांगा, म्हणाला. वाटलं, चला, मार्ग निघाला. घाईघाईनं सविताला फोन केला.

नको म्हणाली. "परत पोलीस गावात जाऊन विचारणार, सविता कशी आहे म्हणून. आणि परत कोणीतरी तेच सांगणार. एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं, दादा."

१५ डिसेंबर

दूध घालायला डेअरीवर गेलो तर बाजीरावभाऊ. तीन आठवडे त्यांना टाळत होतो. दुकानासमोरून जायला नको म्हणून कोळसा कामशेतहून आणत होतो. ते आपणहून जवळ आले, कॅन खाली ठेवला.

"सविताचा फोन आलता. लय बोलली मला."

विचारलं, तुम्ही काय सांगितलं?

"व्हय म्हनलं. माज्याच तोंडून गेलं म्हनलं."

का, एवढंच विचारलं.

"तुजं नाव घेतलं असतं, तर तिला म्हायेर राह्यलं असतं का?"

कॅन उचलला आणि गेले. मला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर आणखी बरं.

२१ डिसेंबर

रविवार. तंबू भरलेले, चुलीवरच्या भाकरीचं कौतुक चाललेलं. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? आई, बायको, पोरं म्हणालो. मग बहीणही आहे म्हणालो. ती अमेरिकेत असते, लय गुणाची आहे. बाजीरावभाऊंचे शब्द होते. अनोळखी बाईला सांगताना जीभ अडली नाही.

२८ डिसेंबर

आज सांगायचंच म्हणून फोन लावला. तिनं पोरीच्या हातात दिला. मामा, मामा करत राहिली. मामानं फोन ठेवला.

८ जानेवारी

सविता आली, एकटीच. आईचा गुडघा सुजलाय, तिला बघायला. मुंबईला गाडी घेऊन गेलो. गाडीतच सगळं सांगायचं असं ठरवून निघालो होतो. वाक्यंही जुळवली होती.

ती बाहेर आली, मला बघून हसली आणि एवढीशी असताना धरायची तसा माझा दंड धरला. रांगा फार होत्या का विचारलं. होत्या म्हणाली. मागच्या सीटवर बसली ती झोपलीच. घाट चढलो, लोणावळा गेलं, कामशेतला वळलो. आरशात दिसत होती. आबांसारखं तोंड थोडं उघडं ठेवून झोपते. जागं करवेना, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती झोपली म्हणून मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी ती बाजीरावभाऊंच्या दुकानावरून गेली, तिकडे न बघता. भाऊ गिऱ्हाइकाला साखर बांधून देत होते.

१२ जानेवारी

आज वडगावला हक्कसोड झाली. सविता स्वतःहून म्हणाली. मी परत मागितली नव्हती, आईशप्पथ, पोलीस येऊन गेल्यापासून विषयही काढला नव्हता. निलेशनं कागद केला. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय ना, कोणाचा दबाव नाही ना? "नाही साहेब," ती म्हणाली. "गावात मला परकं म्हणणारे निघाले. दादाच्या नावावर असलं तरच ते माझं घर राहील."

मग तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. लिहून देणार — सविता. लिहून घेणार — मी. मला दाखवलं तिथं मी सही केली.