रिकाम्या सभागृहातलं अंदाजपत्रक

अण्णा, आज पालिकेत अंदाजपत्रकाची सभा झाली आणि चहा यायच्या आत संपलीसुद्धा. मी आता पंचवटीत राहतो, पण नोकरी आपल्याच गावच्या नगरपालिकेत, सभेतले विषय वाचून दाखवायची. तुम्ही नगरसेवक म्हणून बसायचात, तेच सभागृह. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, तेव्हापासून मुख्याधिकारीच प्रशासक आहेत. खर्चाचा प्रस्ताव तेच मांडतात, मग सभा म्हणूनही तेच बसतात आणि स्वतःचा प्रस्ताव मंजूर करतात. तरी रीत म्हणून मी रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रत्येक विषय मोठ्याने वाचतो. ‘हम करे सो कायदा’ म्हणावं, तर माणूस वाईट नाही; कायद्याने दिलंय तेवढंच करतो. मला मात्र वाचून वाचून वीट आलाय.

तुमच्या काळी ही सभा म्हणजे आईच्या डोक्याला ताप. तुम्ही घसा बसवून घरी यायचात, ती कढी पुन्हा गरम करायची, आणि जेवता जेवता तुमचं सभेतलं भांडण परत सुरू. एकदा मी म्हटलं, "तुमच्याकडे मतं नाहीत, हरणारच आहात, मग ओरडता कशाला?" तुम्ही ताटातला हात थांबवलात. "हरलो तरी साहेबाला चारचौघांत कारण द्यावं लागतं. पैसा लोकांचाय, त्याच्या घरचा नाही." तुमचा फार राग आला होता मला.

आज एक विषय आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याचा होता. त्याची तरतूद काढून वेशीवर कमान उभारायची. मी वाचलं, साहेब म्हणाले, "मंजूर." तेवढ्यात मागे लोकांसाठी ठेवलेल्या बाकावरून एक बाई उठल्या, खांद्यावर नातवंड झोपलेलं. "साहेब, लेकरू आजारी पडलं तर कमानीखाली निजवू का? कमान काय औषिद देनार हाय?" साहेब शांतपणे म्हणाले, "निवेदन द्या, बघू." आणि मला पुढचा विषय घ्यायला सांगितलं. मी घेतला.

सभेनंतर बाईंनी मला जिन्यात गाठलं. "दादा, आमच्याकडून बोलनारं कोनीच नाय का आता? कुनाकडं जाऊ?"

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णांकडे जा."

"कुठं राहत्यात ते?" त्यांनी लगेच विचारलं.